कोहळ्याचं शवविच्छेदन

१

दसऱ्याच्या संध्याकाळी चिंचमाळ गावात एका कोहळ्याचा वध झाला. तसा तो गेली पाच वर्षं होतोय. यंदा फरक इतकाच, की रक्त निघालं.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी सरकारी पशुवैद्यक. माझा दवाखाना पिंपळगावहून वणीकडे जाताना लागतो, आणि त्या वेळी माझा उजवा हात कोपरापर्यंत एका म्हशीत होता. डाव्या हाताने फोन घेतला. यादव हवालदार होते. चिंचमाळ आणि आजूबाजूच्या सात गावांची कायदा-सुव्यवस्था म्हणजे यादव. त्यांचा एक गुडघा दुखतो, त्यामुळे सुव्यवस्था जरा लंगडते.

"वेदिका मॅडम, शवविच्छेदन करायचंय."

"गाय की बैल?"

"कोहळा."

मी म्हशीकडे पाहिलं. तिनेही मान वळवली.

अर्ध्या तासाने मी माळजाईच्या देवळासमोर उभी होते. अंगणात द्राक्षाचा रिकामा क्रेट पालथा घातलेला, त्याच्यावर धोंडा, आणि बाजूला खुर्ची टाकून यादव. प्रेताला पहारा होता.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

"पूर्वी माळजाईला बोकड कापायचे. मान खंडेराव पाटलांच्या घराण्याचा. पाच वर्षांमागं वरून बंदी आली, तवापासून कोहळा. तलवार तीच, मानकरी तोच, बळी तेवढा शाकाहारी झाला. काल म्हाताऱ्यानं तलवार घातली, एका घावात दोन फाकी. आणि लाल! पायरीवरनं खाली आलं हो. बाया किंचाळल्या. कोंडाजी भगत म्हनला, माय कोपली."

"मग?"

"मग तासाभरानं आरतीला खंडेरावच्या बायकोच्या, लंकाबाईच्या अंगात आलं. तोंड लालबुंद, अंग थरथरा, श्वास भात्यावानी. पन्नास वर्षं देवळात येते बाई, कधी मोठ्यानं शिंकली नाय. कोंडाजीनं विचारलं, 'माय, कुणी केलं हे?' तिनं हात उचलला अन् दक्षिणेला बोट केलं."

"दक्षिणेला काय आहे?"

"संघर्ष गांगुर्डेचं घर." यादवांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कोहळा त्याच्याच वावरातला. बौद्ध माणूस, देवीला मानत नाय. आता गाव म्हणतंय, त्यानं मुद्दाम जनावराचं रक्त भरलं. रातच्याला पोरांनी त्याच्या मोटरीची केबल तोडली. आज पाचला पारावर बैठक हे. पाचला काय तोडतील ते सांगता येत नाय."

"बंदोबस्त?"

"माझ्याकडं एक काठी हे. पोरांकडं चाळीस. वरून माणसं मागितली, तर सगळी वणीला देवीच्या गडाच्या गर्दीत. सातला येतो म्हनले."

"म्हणजे दोन तास उशिरा."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. रक्त कुठल्या जनावराचं ते लिहून द्या. लवकर द्या मॅडम, कोणी भलत्याच जनावराचं नाव घ्यायच्या आत."

मी धोंडा बाजूला करून क्रेट उचलला. सगळ्यात आधी डोळ्यात भरलं ते हे, की कोहळ्यावर एकही माशी नव्हती.

२

आमच्या छापील फॉर्मवर पहिला रकाना असतो 'प्राण्याची जात', दुसरा 'वय', तिसरा 'दातांची संख्या'. तिन्ही सोडून मी कामाला लागले. शहरात, इंदिरानगरमध्ये वाढलेल्या मुलीची कोहळ्याशी ओळख पेठ्यापुरती असते. इतक्या जवळून पाहायची वेळ पहिलीच.

रक्ताचं एक बरं असतं. ते खोटं बोलत नाही. उघडं राहिलं की गोठतं, काळं पडतं, वास मारतं, माश्या आणि मुंग्यांना आमंत्रण धाडतं. हे रात्रभर उघड्यावर राहूनही लग्नातल्या फेट्यासारखं गुलाबी होतं. मुंग्यांची एक रांग अंगणातून येत होती. ती कोहळ्यापासून वीतभर अंतरावर आली आणि शहाण्यासारखी वळसा घालून गेली.

"हे रक्त नाही," मी म्हटलं.

"मग काय हे?"

मी हातमोजा घालून थोडं चाचपलं, वास घेतला. आणि आठवलं. गेल्याच आठवड्यात शेजारच्या गावात एका शेळीने द्राक्षबागेतली बादली चाटली होती. ती माझ्यासमोर गेली, तेव्हा तिच्या ओठांना हाच रंग होता.

"पेस्ट," मी म्हटलं. "द्राक्षाची."

ऑक्टोबरची छाटणी झाली की वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला एक जहरी औषध लावतात, त्याला इकडे सगळे पेस्ट म्हणतात. कुठल्या डोळ्याला लावलं आणि कुठला राहिला ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. दर वर्षी हे गाव त्या रंगात कोपरापर्यंत बुडालेलं असतं. त्या गावाने काल तोच रंग देवळाच्या पायरीवर पाहिला, आणि एकालाही ओळखता आला नाही.

मग मी देठाकडची फाक उलटी केली. देठाला हिरवा खण बांधला होता, वर हळदकुंकू. खण सोडला. खाली वाटीच्या तोंडाएवढी गोल चकती कापून काढलेली होती, आत पेस्ट ओतून पुन्हा बसवलेली. फट बुजवली होती कणकेने. आणि कणकेला कडेकडेने मुरड घातलेली. करंजीला घालतात तशी, बारीक, एकसारखी, सुबक.

मी बराच वेळ त्या मुरडीकडे बघत होते. गुन्हेगाराने पुरावा नटवून ठेवला होता.

"चला, सुटला तुमचा संघर्ष," मी उठत म्हटलं. "रक्तच नाही तर विटाळ कसला? सांगून टाकू गावाला."

यादव उठले नाहीत.

"मॅडम, हे कुणाजवळ बोलू नका."

"का?"

"चिंचमाळला नवरात्रात कात्री चालत नाय. माळजाईचा नेम हे. नऊ दिवस वेलीला पातं लागत नाय. म्हणजे छाटणी नाय, म्हणजे पेस्ट नाय. सगळं गाव आज-उद्या छाटायला घेईल." त्यांनी गुडघा चोळला. "आख्ख्या शिवारात पेस्ट आत्ता एकाच घरी हे. नेम न पाळणाऱ्याच्या."

माझ्या शोधाने मी एका माणसाला अर्ध्या तासात अधिक गुन्हेगार केलं होतं.

३

संघर्ष गांगुर्डे तुटलेली केबल जोडत बसला होता. पस्तिशीचा, बारीक, शांत. ओटीवर त्याची आई विठाबाई मेथी निवडत होती. खाली पायरीवर चंदर नावाचा त्यांच्या बागेतला कामगार बसला होता. त्याच्या कपाळावर केसांपर्यंत गेलेला जुना व्रण होता.

"तुम्ही भरलं का काही कोहळ्यात?" मी सरळ विचारलं.

"कोहळा एकशे वीस रुपयांना जातो मॅडम. भरून द्यायला परवडत नाही."

"देवीला विरोध म्हणून?"

"विरोध करायला आधी मानावं लागतं. आमचं तिच्याशी भांडण नाही. गिऱ्हाईक आहे."

"पेस्ट आहे घरात?"

"आहे. मागच्या सोमवारी छाटणी घेतली, मंगळवारी पेस्ट लावली. लपवून नाही, रस्त्याकडेला बाग आहे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "पेस्ट निघाली का?"

मी वहीचं पान उलटलं. त्याला उत्तर मिळालं.

"कोहळा पाटलांकडे कधी दिला?"

"खंडेनवमीला सकाळी. खंडेराव आप्पांच्या हातात."

"आज दुपारी पिंपळगावला निघून जा," मी म्हटलं. "दोन दिवस राहा."

"गेलो तर यानंच केलं म्हणतील. पाठीमागं घर आहे, बाग आहे."

"आणि नाही गेलात तर?"

"मारतील," विठाबाई मेथीची काडी मोडत म्हणाली. हवा कशी आहे ते सांगावं तशी. "गेल्या साली याला मारला." तिने हनुवटीने चंदरकडे दाखवलं.

"तुम्ही काय केलं होतं?" मी चंदरला विचारलं.

"हसलो."

"का?"

"आप्पांनी तलवार घातली ती निम्म्यात अडकली. ओढाय गेले, तर कोहळा तलवारीसंगं वर आला. सगळ्यांना दाखवल्यासारखा. आता हसू येनार का नाय, तुमीच सांगा?" तो आत्ताही हसला. "कोंडाजी म्हनला, पांढऱ्या कोहळ्यानं मायचं पोट भरत नाय, ती उपाशी हे. मंग पोरांना लय वाईट वाटलं मायचं. अकरा टाके पडले."

"कुठे?"

"लंकाआजीच्या दारात. तिनंच पदर बांधला डोक्याला." चंदर उठला. "यंदा तर हसायची बी सोय नाय अन् प्यायची बी नाय."

"प्यायची का नाही?"

"पेस्ट लावलीय ना. हाताला लागली की आठ-धा दिवस दारूचा थेंब चालत नाय. एका साली मी दोन घोट घेतले, म्हनलं काय व्हतंय! तोंड टमाट्यावानी, छातीत ट्रॅक्टर चालू झाला. वाटलं आता डायरेक्ट वरच."

मी वही बंद केली. विठाबाई म्हणाली, "पाचला अजून येळ हे. चहा घ्या."

४

खंडेराव पाटील चौऱ्याहत्तर वर्षांचे. ओसरीवर ताठ बसले होते.

"आप्पा, नवमीला कोहळा आला तेव्हा तुम्ही पाहिला होता?"

"म्हंजे काय! बळी अखंड लागतो. बोकड होता तव्हा मी खूर बघायचो, कान बघायचो, दात मोजायचो. खोट चालत नाय. कोहळा बी देठापासून बुडापोत्तर हात फिरवून घेतला."

"कुठे चीर, भोक, कणीक?"

"असता तर परत धाडला असता. आख्खा होता." ते थांबले. "दातच नव्हते तेवढे."

ते विनोद करत नव्हते.

"मग ठेवला कुठे?"

"देवघरात. रातभर."

या एका उत्तराने त्यांनी संघर्षला सोडवलं आणि स्वतःच्या घराला अडकवलं, आणि त्यांना दोन्हींतलं काहीच कळलं नव्हतं. कोहळा संघर्षच्या हातून अखंड आला. चकती कापली गेली ती या घरात. पण या घरात पेस्ट कुठून आली? आणि ही ओसरीवरची गोष्ट मी पारावर सांगितली, तर म्हाताऱ्याने त्याच पारावर ती फिरवायला कितीसा वेळ लागणार होता?

तेवढ्यात त्यांचा मुलगा हर्षल आला. पांढरा शर्ट, गळ्यात देवीचं लॉकेट, मागे चार पोरं.

"डॉक्टर मॅडम, कुठल्या जनावराचं होतं ते लिहा फक्त. बाकी आमचं आम्ही बघतो. भावनांचा प्रश्न आहे."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या!" त्याने मोबाइल पुढे केला. "हा बघा पुरावा. आईच्या अंगात आली तो व्हिडिओ. बत्तीस हजार लोकांनी बघितला."

मागचा एक पोरगा म्हणाला, "हर्षलभाऊ, काल दसऱ्याला बी बसला नाय आमच्यासंगं. येवढी मटणाची पार्टी व्हती."

"उपवास आहे," हर्षल म्हणाला.

"सुटला की काल."

"माझा नाही सुटला."

मी व्हिडिओ बघत होते. माझ्या पेशंटना बोलता येत नाही, त्यामुळे मला बघून निदान करायची सवय आहे. बत्तीस हजार लोकांना त्यात देवी दिसली होती. मला लक्षणं दिसली. चेहरा, मान, छाती लाल. श्वास उथळ. एक हात छातीवर. मधेच ओकारी, ती तिने पदरात दाबली. मग तो हात ओठांकडे गेला, आणि ओठांकडून दक्षिणेकडे.

टमाट्यावानी तोंड. छातीत ट्रॅक्टर.

"लंकाबाई कुठे आहेत?" मी विचारलं.

त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पडल्या होत्या. उशाशी निरांजन, नारळ, शेजारणींनी वाहिलेली फुलं. एका रात्रीत बाईचं देऊळ झालं होतं. मी बायकांना बाहेर काढलं आणि नाडी पाहिली.

"काल दारू घेतली होती का?"

"अगं बाई!" त्या उठूनच बसल्या. "काय बोलतीस पोरी? उभ्या जन्मात वास नाय घेतला."

"मग औषध कुठलं?"

"आपलं वैद्याचं. रोज सांजच्याला जेवायच्या आधी दोन झाकनं." त्यांनी फळीवर बोट दाखवलं. "काल छाती लय धडधडत व्हती म्हणून चार घेतली."

फळीवर द्राक्षासवाची बाटली होती. मी ती फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. आसव आंबवून करतात. त्यात मद्य आपोआप तयार होतं. बाटलीवर कुठेही दारू असं लिहिलेलं नसतं, म्हणून आपल्याकडच्या कित्येक सोवळ्या आज्या रोज संध्याकाळी शांतपणे दोन झाकणं पितात आणि त्यांना छान झोप लागते.

"हात दाखवा, आजी."

त्यांनी हात पदराखाली घेतले. मग एकेक करून पुढे केले. बोटं राखेने घासघासून पांढरी झाली होती. नखांच्या मुळाशी मात्र गुलाबी रेघ होती.

"फार सुंदर मुरड घालता तुम्ही," मी म्हटलं.

त्या भिंतीकडे बघायला लागल्या. बाहेर हर्षल कोणाला तरी फोनवर सांगत होता, पाचला सगळे या, रिकाम्या हाताने येऊ नका.

"पेस्ट कुठे मिळाली?"

"गोठ्यात बादली व्हती, झाकलेली. कुणाची ते मी इचारलं नाय."

"आजी, ते संघर्षला मारतील."

"मी बोलले तर यांचा मान जाईल. सात पिढ्यांचा." त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "अन् माझं आयकतंय कोण पोरी? काल देवी हाय म्हणून तर आयकलं."

५

पाच वाजता पारावर तीनशे माणसं होती. पोरांच्या हातात काठ्या होत्या, आणि त्या त्यांनी अशा सहज धरल्या होत्या जसं काही चालताना आधाराला आणल्या आहेत. संघर्ष एकटा आला आणि मधोमध उभा राहिला. विठाबाई बायकांच्या मागे. लंकाबाईंना दोघींनी धरून आणलं, पाट मांडून बसवलं. कोणी तरी पायावर पाणीही घातलं.

मी उभी राहिले. "ते रक्त नाही. द्राक्षाची पेस्ट आहे."

मग तीनशे द्राक्षवाल्यांच्या तोंडावर एकदमच ओळख पटल्याचं दिसलं, आणि ओशाळलेपणा दिसायच्या आत हर्षल ओरडला, "पेस्ट कोणाकडे आहे? नवरात्रात कात्री कोणी लावली?"

काठ्या उठल्या. यादव हवालदार संघर्षच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"बरोबर," मी म्हटलं. "पेस्ट फक्त संघर्षकडे आहे, तर बाकी कोणाच्या हाताला लागलेली नसणार. खात्री करून घेऊ." मी पिशवीतून लंकाबाईंच्या फळीवरची द्राक्षासवाची बाटली काढली. "यात थोडं मद्य असतं. ज्याने गेल्या आठवड्यात पेस्टला हात लावला असेल त्याने अजिबात घेऊ नये, जिवाला धोका आहे. बाकीच्यांनी एकेक झाकण घ्यावं. मानकऱ्यांच्या घरापासून सुरुवात करू."

"हे काय नवीन?" कोंडाजी भगत म्हणाला.

"औषध आहे. पचनाला चांगलं."

खंडेरावांनी झाकण घेतलं, प्यायले, मिशा पुसल्या. कोंडाजीने एक घेतलं, खात्रीसाठी दुसरं घेतलं. मी झाकण संघर्षसमोर धरलं.

"मी नाही घेणार," तो म्हणाला. "माझी छाटणी झालीय. सगळ्यांना माहितीये."

मग मी हर्षलपुढे गेले.

"उपवास आहे."

"अरे, काल सुटला," कोंडाजी म्हणाला. त्याला आता बाटली संपायच्या आत परत आपल्याकडे यायला हवी होती.

"पी," खंडेराव म्हणाले.

हर्षलने झाकण ओठांपर्यंत नेलं. हात थांबला. सगळा पार त्या हाताकडे बघत होता. द्राक्षवाल्यांच्या गावात ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

"नाल्यापलीकडचा प्लॉट," तो शेवटी म्हणाला. "छाटला. निर्यातीची तारीख गाठायची होती आप्पा, पॅकहाऊसवाले थांबत नाहीत."

"कंची माळ व्हती?"

"सातवी."

"सातव्या माळेला कात्री?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "माझ्या घरात?"

"लाल बघितलं तेव्हा मला वाटलं माझ्यामुळंच कोपली!" हर्षल रडायच्या बेतात होता. "झोपलो नाही रात्रभर."

"आणि केबल?" संघर्षने विचारलं.

हर्षलने झाकण खाली ठेवलं.

"म्हणजे यानंच भरलं!" गर्दीतून कोणी तरी म्हणालं. "देवीला यानंच फसवलं!" आणि मी पाहिलं, की त्या चाळीस काठ्यांनी फक्त तोंड फिरवलं. एकही खाली आली नाही. माघारी न्यायला त्या आणल्याच नव्हत्या. ज्या चार पोरांनी हर्षलला सकाळी भाऊ म्हटलं होतं, ती सगळ्यात पुढे होती.

"थांबा!"

लंकाबाई पाटावरून उठल्या होत्या.

"मी वतलं."

कोंडाजीने हात जोडले. "माय बोलतीय—"

"माय नाय बोलत, मुडद्या! लंका बोलतीय. मी लंका." त्या पाराच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "चकती मी कापली, रंग मी वतला, कनीक मी लावली. अंगात कोन नव्हतं आलं. औषध चढलं व्हतं."

"अगं पन कशापायी?" खंडेरावांनी विचारलं. ते पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला काही विचारत होते असं वाटलं.

"पाच सालं कोहळा पांढरा निघतोय. पांढरा निघाला की तुमचं तोंड उतरतं, अन् पोरं लाल कुठं दिसंल ते बघत फिरत्यात. गेल्या साली चंदरचं डोकं माझ्या उंबऱ्यात फुटलं. यंदा कोंडाजी म्हनत व्हता, परत बोकड. मंग मी म्हनलं, एकदाचं लाल दावते. पोट भरंल." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "माळजाईचं नाय. ती कधी मागाय आली? तुमचं."

पहिली काठी खाली आली तिचा फरशीवर आवाज झाला. मग दुसरी. मग सगळ्यांना एकदमच आपापल्या गाईच्या धारा आठवल्या.

खंडेराव पारावरच बसून राहिले. हर्षल त्यांच्यापासून चार हात लांब.

"तलवार उद्या उतरवून ठेवतो," म्हातारा कोणाकडेही न बघता म्हणाला.

यादवांनी घड्याळ पाहिलं. बंदोबस्त यायला अजून सव्वा तास होता.

६

मी लंकाबाईंच्या मागोमाग चालत होते, कारण त्यांची नाडी मला अजून पसंत नव्हती. त्यांना मी घरी जायला सांगितलं होतं. त्या दक्षिणेला निघाल्या.

विठाबाई आमच्याआधी पोचली होती. ओटीवर उभी होती. लंकाबाई पायरीशी थांबल्या.

"इठाबाई, काठ्या तुझ्या लेकाकडं व्हत्या तवर मी बसून ऱ्हायले. माझ्या लेकाकडं वळल्या तव्हा उठले."

"दिसलं मला," विठाबाई म्हणाली.

"काल मी कुणाकडं बोट नव्हतं केलं. घसा जळत व्हता. पानी मागत व्हते. टाकी इकडं हे म्हणून हात केला."

"ते बी दिसलं. बोलता येत नव्हतं तुला. मी तांब्या घिऊन निघाले व्हते." विठाबाईने पदर खांद्यावर ओढला. "तुझ्या हर्षलनं आडवलं. म्हनला, देवीच्या अंगाला तुमचं पानी नको."

रस्त्याने बंदोबस्ताची गाडी आली, पाऊण तास लवकर, आणि देवळाकडे निघून गेली.

"आता दे," लंकाबाई म्हणाल्या.

विठाबाई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. लंकाबाईंनी ओंजळ पुढे केली. विठाबाईने त्या ओंजळीकडे, नखांतल्या गुलाबी रेघेकडे पाहिलं आणि तांब्या मागे घेतला.

"थांब. असंच पितीस व्हय? मरशील." ती आत वळून ओरडली, "संघर्ष, साबन आन रं."